नव्वद व्होल्ट, नऊ व्होल्ट

झेनिथ ट्रान्स-ओशॅनिक मिटलेला असताना रेडिओ वाटतच नाही. काळं, बारीक खडबडीत, चामड्याच्या पोताचं आवरण, पितळी रंगाच्या पट्ट्या, वर मूठ. प्रवासाला निघालेल्या माणसाने दारात ठेवलेली पेटी वाटावी. पुढचा खटका दाबून झाकण वर उचललं की मग डायल दिसते आणि बँडची सात बटणं. एक मीडियम वेव्हचं, एक २ ते ४ मेगासायकलचं (मेगासायकल म्हणजे आजचा मेगाहर्ट्झ), एक ४ ते ८ चं, आणि पुढची चार ३१, २५, १९ आणि १६ मीटरची.

या शेवटच्या चार बटणांवर माझा फार जीव आहे. साध्या शॉर्टवेव्ह सेटमध्ये सहा ते अठरा मेगासायकलचा सगळा पट्टा काट्याच्या एकाच फेरीत कोंबलेला असतो. बोटभर जागेत डझनभर देश. नॉब केसाएवढा हलला की बातम्या जाऊन गाणं लागतं, आणि पुन्हा बातम्या शोधताना तिसरंच काही तरी. झेनिथच्या इंजिनिअरांनी प्रत्येक बँडमधला नेमका प्रसारणाचा तुकडा, जेमतेम काहीशे किलोसायकलचा, उचलला आणि तो अख्ख्या डायलवर पसरवला. त्यामुळे नॉब सावकाश, ऐसपैस फिरवता येतो. स्टेशन येतं, थांबतं, जातं. हलत्या बोटीत किंवा आगगाडीत बसलेल्या माणसाला दूरचं स्टेशन धरता यावं, म्हणून एवढा खटाटोप केलेला आहे.

माझा सेट एच५०० या मॉडेलचा, म्हणजे १९५१ ते १९५४ या काळातला. तो बनला शिकागोत, मी राहतो तिथून मोटारीने तासाभराच्या अंतरात. आमच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वृद्धाश्रमात राहायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने घरातल्या वस्तू गॅरेजसमोर विकायला मांडल्या होत्या. त्यात हा होता. "चालत नाही, शोभेला ठेवा," असं ती म्हणाली. मी तो शोभेसाठी घेतला नाही.

या रेडिओमागचा माणूस म्हणजे युजीन मॅकडोनल्ड, झेनिथचा प्रमुख. नौदलात होता, त्यामुळे आयुष्यभर लोक त्याला कमांडर म्हणत. १९२५ साली अमेरिकन संशोधक डोनल्ड मॅकमिलन यांच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत तो 'पीअरी' या जहाजावर होता, आणि त्या जहाजावर झेनिथची शॉर्टवेव्ह यंत्रणा होती. तेव्हा मोठमोठी सरकारी आणि नौदलाची केंद्रं लांब लहरींवर भिस्त ठेवून होती. शॉर्टवेव्ह म्हणजे हौशी मंडळींचा उद्योग समजला जायचा. त्या आखूड लहरी वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरांवर आपटून परत जमिनीकडे येतात, पुन्हा वर जातात, आणि थोड्याशा शक्तीवर हजारो मैल कापतात, हे ध्रुवाजवळच्या बर्फातून शिकागोशी संधान बांधून त्या मंडळींनी दाखवून दिलं. मॅकडोनल्डच्या डोक्यात ते कायमचं बसलं. पुढे आपल्या नौकेवरून भटकताना त्याला जगाच्या बातम्या हव्या असत, आणि हातात धरून नेता येईल असा चांगला शॉर्टवेव्ह रेडिओ बाजारात नव्हता. मग त्याने आपल्याच कारखान्याच्या मागे लागून तो करवून घेतला. पेटीचं रूप रॉबर्ट डेव्हल बडलाँग या डिझायनरचं.

पहिलं मॉडेल १९४२ च्या सुरुवातीला विक्रीला आलं. किंमत ७५ डॉलर. साधा टेबल रेडिओ तेव्हा त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळे. आधी त्याच्या जाळीच्या कापडावर शिडाची होडी होती. पर्ल हार्बरनंतर होडी गेली आणि तिथे बाँबफेकी विमान आलं. एप्रिलमध्ये युद्धासाठी नागरी रेडिओंचं उत्पादनच थांबलं. इतक्या थोड्या महिन्यांत जे सेट बाहेर पडले ते सैनिकांबरोबर दोन्ही महासागरांपलीकडे गेले.

१९४२ हे साल वाचलं की मी तिथेच अडकतो. त्याच वर्षी बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज शॉर्टवेव्हवर घुमला. त्याच वर्षी बीबीसीने मराठीतूनही प्रसारण सुरू केलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्या बावीस वर्षांच्या होत्या. ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवत, पोलिसांची गाडी मागावर असताना, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत त्यांनी तो चालवला. लहर होती ४२.३४ मीटर, म्हणजे सात मेगासायकलच्या किंचित वर. माझ्या डायलवर ४ ते ८ चं बटण दाबलं की ती जागा सापडते. आता तिथे हौशी लोक आपापसात मोर्सवर बोलत असतात. मी तो काटा तिथे नेला की थोडा वेळ तिथेच ठेवतो. त्या लहरीवरचा प्रत्येक शब्द कुणी तरी जिवावर उदार होऊन पाठवला होता, आणि कुणी तरी दार लावून, आवाज बारीक करून ऐकला होता.

बाबांचं कराडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळा सुटली की तिथे जायचो. पाटण खोऱ्यातल्या, डोंगरातल्या गावांतून लोक बॅटरीचे सेट पोत्यात गुंडाळून एसटीने आणत. कोयनेची वीज दूरदूर जाऊ लागली होती, पण त्यांच्या वाडीत ती यायला फार वर्षं लागली. तोवर विटेएवढी ड्राय बॅटरी विकत घ्यायची, तिच्यात दीड व्होल्ट आणि नव्वद व्होल्ट असे दोन भाग, आणि ती महिनोन्‌महिने पुरवून वापरायची. संध्याकाळच्या बातम्या, बाजारभाव, कीर्तन, आणि सिलोन. परवान्याची फी पोस्टात भरावी लागे. बॅटरी संपत आली की आवाज बसायचा, तेव्हा सगळं घर रेडिओला कान लावून बसत असे.

म्हणून हा सेट टेबलावर घेतला आणि मागचं दार उघडलं तेव्हा पहिला फोन बाबांना केला. ते आता दुकान चालवत नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर चेसिस, म्हणजे सेटचा आतला सांगाडा, दाखवली की त्यांचा चेहरा बदलतो.

"प्लग लावलास का रे?"

"नाही."

"लावू नकोस. आधी डोळ्यांनी बघ, मग नाकाने बघ. मीटर शेवटी."

डोळ्यांनी पाहिलं तर पाच व्हॉल्व, म्हणजे काचेच्या नळ्या, प्रत्येक करंगळीएवढा. अँटेनाचा सिग्नल वाढवायला (रेडिओ फ्रिक्वेन्सी) १यू४, त्याची फ्रिक्वेन्सी बदलायला (कन्व्हर्टर) १एल६, ती बदललेली मधली फ्रिक्वेन्सी (आयएफ) वाढवायला पुन्हा १यू४, त्यातून आवाज वेगळा काढायला (डिटेक्टर) १यू५, आणि स्पीकरला जोर द्यायला (आउटपुट) ३व्ही४. पॉवर ट्रान्सफॉर्मर नाही. मेन्सचे, म्हणजे घरच्या विजेचे, ११७ व्होल्ट थेट सेलेनियम रेक्टिफायरवर येतात; तो एसीचा डीसी करतो. नाकाने पाहिलं तर जुनं मेण, धूळ, आणि थोडा जळका दर्प, तो त्या रेक्टिफायरचाच. सेलेनियम जळतो तेव्हा कुजका, विषारी धूर निघतो. ज्याने तो वास एकदा घेतला आहे तो पुन्हा विसरत नाही.

आता या सेटचं मर्म सांगायला हवं. फिलामेंट म्हणजे व्हॉल्वमधली तापणारी बारीक तार. खेड्यातल्या बॅटरी सेटमध्ये सगळे फिलामेंट समांतर जोडलेले असत, प्रत्येकाला तेच १.४ व्होल्ट. ट्रान्स-ओशॅनिक बॅटरीवरही चालायचा आणि मेन्सवरही, म्हणून त्यात फिलामेंट एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये आहेत. चार व्हॉल्वना १.४ प्रमाणे आणि आउटपुटच्या व्हॉल्वला २.८, बेरीज ८.४ व्होल्ट, म्हणून बॅटरीचा फिलामेंट तापवणारा 'ए' भाग नऊ व्होल्टचा; व्हॉल्वच्या बाकी कामाचा 'बी' भाग नव्वद व्होल्टचा. पाचही फिलामेंटमधून तोच एक ५० मिलिअँपिअरचा करंट वाहतो. एक तुटलं की पाचही विझतात. आणि ही फिलामेंट इतकी बारीक आहेत की ती पेटलेली उजेडात दिसतच नाहीत. अंधार करून, काचेजवळ डोळा नेला तर अंधुक लालसर रेष दिसते.

यातून काही नियम निघतात, आणि ते पाळले नाहीत तर एका क्षणात व्हॉल्व हातचा जातो. सेट चालू असताना व्हॉल्व कधीही उपसायचा नाही. साखळी तुटली की फिलामेंटच्या लाइनवरचा फिल्टर कंडेन्सर भलत्या व्होल्टेजला चढून बसतो, आणि व्हॉल्व परत खोचताच तो सगळा भार त्या केसाएवढ्या तारांतून ओततो. जुन्या काट्याच्या मीटरची ओहमची सर्वांत खालची रेंज लावून फिलामेंट तपासायचं नाही, कारण कित्येक मीटर त्या रेंजवर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट सोडतात. आणि सेलेनियम काढून सिलिकॉन डायोड बसवला तर तिथेच थांबायचं नाही. सेलेनियममध्ये बरेच व्होल्ट खर्च होत, डायोडमध्ये जवळजवळ होत नाहीत. म्हणजे पुढे सगळीकडे व्होल्टेज वाढतं. तेवढा फरक खाणारा रेझिस्टर सिरीजमध्ये घालावाच लागतो.

मी पाचही व्हॉल्व काढून कापसात ठेवले. फिलामेंटच्या साखळीच्या जागी एक १६८ ओहमचा रेझिस्टर लावला, कारण ८.४ व्होल्टला ५० मिलिअँपिअर म्हणजे तेवढाच भार होतो. मग सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे बाबांच्या दुकानात असायचा तसा सिरीज बोर्ड, त्यात जास्तीचा करंट अडवणारा दिवा, आणि व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या व्हेरिॲकने ते हळूहळू वाढवत नेलं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ही काही शोभेची गोष्ट नाही. अशा बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये मेन्सची एक तार थेट सर्किटच्या निगेटिव्हला असते. चुकीच्या ठिकाणी हात लागला तर माणूस घराच्या वायरिंगलाच चिकटतो. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी व्हॉल्वआधी तो ट्रान्सफॉर्मर विकत घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

रेझिस्टर बदलत बदलत त्या १६८ ओहमवर सव्वाआठ व्होल्ट स्थिर आणले. मुद्दाम थोडे कमी. आमच्याकडे कधी कधी लाइन १२३-१२४ व्होल्टपर्यंत चढते, आणि हा सेट ११७ गृहीत धरून काढलेला आहे.

सगळ्यांत जपायचा तो १एल६. बाकीचे चार व्हॉल्व अजून सहज मिळतात. १एल६ मात्र मुख्यतः अशाच पोर्टेबल शॉर्टवेव्ह सेटसाठी निघाला, त्यामुळे मुळात कमी बनला, आणि आज एका चांगल्या १एल६ ला कधी कधी अख्ख्या नादुरुस्त रेडिओएवढे पैसे पडतात. तो स्वतःच ऑसिलेटर (सेटच्या आतली लहर निर्माण करणारा) आणि मिक्सर (ती आलेल्या सिग्नलमध्ये मिसळणारा) आहे. तो अशक्त झाला की मीडियम वेव्ह चालते, ३१ मीटर कसंबसं चालतं, आणि १६ मीटरवर ऑसिलेटर बंद पडून सेट मुका होतो. सॉकेटचं वायरिंग बदलून तिथे १आर५ बसवणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मीडियम वेव्ह ऐकायला दुसरे हजार रेडिओ आहेत; याच्या वरच्या बँडवर पाणी सोडायचं तर मग हा कशाला?

माझ्या सेटमधला १एल६ चांगला निघाला. तो टेस्टरवर लागला तेव्हा मला जो आनंद झाला तो लिहून दाखवता येणार नाही.

मग कंडेन्सर. कागद आणि अॅल्युमिनियमची पन्नी गुंडाळून केलेले हे कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांत हवेतलं पाणी ओढून घेतात आणि गळू लागतात. आउटपुट व्हॉल्वच्या ग्रिडकडे, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे, जाणारा गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, ३व्ही४ नको इतका करंट ओढतो, आवाज फाटतो, आणि शेवटी साखळीतला तो व्हॉल्वच मरतो. एव्हीसीच्या (आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या) लाइनवरचा गळला तर स्टेशनचा जोर कमीजास्त झाला की सेट सांभाळून घेत नाही. म्हणून कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक सगळेच बदलायचे, एक-एक तपासत बसायचं नाही. मायका आणि सिरॅमिकचे मात्र कारणाशिवाय हलवायचे नाहीत.

हे काम करताना माणसं भेटतात. प्रत्येक तार टर्मिनलच्या भोकातून घालून, पूर्ण वळवून, दाबून, मग डाख दिलेला आहे. डाख नसता तरी ती तार निघाली नसती. त्या काळात रेडिओच्या असेंब्ली लाइनवर मोठ्या संख्येने बायका काम करत. एकेक तार वळवणारा हात कुणाचा, हे आता कुणालाच माहीत नाही, पण वळण दिसतं. एक वळण काढायला मला बारीक चिमटा, डाख ओढून घेणारी तांब्याची जाळी आणि बरीच शांतता लागते. तिने ते काही सेकंदांत केलं असेल, दिवसातून शेकडो वेळा.

दुसरा माणूस भेटला तो चेसिसच्या आतल्या बाजूला. पेन्सिलीने लिहिलेलं: १९६१ च्या मार्चमधली तारीख, '१यू५', आणि दोन आद्याक्षरं. म्हणजे कुणा दुकानदाराने तेव्हा तो व्हॉल्व बदलला होता. त्याने एक कंडेन्सरही बदललेला होता, आणि तो बदलताना मूळची वळणं सोडवून आपली तार तशीच वळवून बसवली होती. घाईत असता तर जुनी तार अर्ध्यात कापून तिच्या टोकाला नवी चिकटवून मोकळा झाला असता. गिऱ्हाईक ते कधी पाहणार नव्हतं. ते पाहणार होता तो फक्त पुढचा दुरुस्त करणारा.

बाबाही असंच लिहीत. सेटच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून तारीख आणि काय बदललं ते, बॉलपेनने, बारीक अक्षरात. गिऱ्हाइकाला ते दिसावं म्हणून नाही. सेट पुन्हा आला, आपल्याकडे किंवा दुसऱ्याकडे, तर त्याचा वेळ वाचावा म्हणून. पेन्सिलीची ती ओळ मी त्यांना कॅमेऱ्यातून दाखवली. ते बराच वेळ बघत होते. "चांगला मेकॅनिक होता," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र मी कुणाला दिलेलं ऐकलं नाही.

या छंदातल्या लोकांमध्ये एक मोठा वाद आहे. काही जण जुन्या कंडेन्सरची नळी गरम करून पोकळ करतात, आत नवा छोटा कंडेन्सर घालतात, वरून मेण ओततात; बाहेरून सगळं १९५१ सारखं. कामातलं कसब मोठं आहे आणि मी त्याला नमस्कार करतो. पण मी तसं केलं नाही. पिवळे नवे कंडेन्सर उघड्यावर बसवले, तार मूळच्या वळणांत वळवली, आणि काढलेले जुने एका पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवले. पेटीच्या आत एक चिठ्ठी लावली: काय बदललं, कुठला रेझिस्टर वाढवला, साखळीला किती व्होल्ट ठेवले. पुढे कधी तरी कुणी तरी हे दार उघडेल, आणि मेणाची नळी पाहून तिला सत्तर-ऐंशी वर्षांची समजून काढायला जाईल, हे मला नको आहे. जे माझं आहे ते माझं दिसावं, जे त्या कारखान्यातल्या बाईचं आहे ते तिचं. बाबांचं मत वेगळं पडलं. त्यांना वाटतं, घराण्यातली वस्तू असेल तर तिचं रूप जसंच्या तसं राखायला हवं, वर आणि आत. आम्ही यावर दोन-तीनदा बोललो आणि दोघंही आपापल्या जागी आहोत.

बाहेरच्या आवरणाला काळं बूटपॉलिश लागलं, पितळी पट्ट्यांना मऊ फडकं, बँडच्या बटणांच्या संपर्कांना क्लीनर. मूठ शिवून घेतली. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

अलाइनमेंट, म्हणजे सेटचे सगळे टप्पे एका सुरात आणणं, हा भाग मात्र मला सगळ्यांत प्रिय. आधी आयएफ, ४५५ किलोसायकल. सिग्नल जनरेटरवरून अगदी बारीक, ४०० सायकलच्या सुराने मॉड्युलेट केलेला सिग्नल सोडायचा, आउटपुटला मीटर, आणि प्लॅस्टिकच्या पेचकसाने आयएफटीचा (आयएफच्या कॉइलचा) स्लग, म्हणजे तिच्यातला फिरणारा गाभा, अंशाअंशाने फिरवायचा. लोखंडी पेचकस चालत नाही, त्याच्या नुसत्या जवळ येण्याने कॉइलचं मूल्य बदलतं. काटा चढतो, चढतो, एका जागी थांबतो आणि उतरू लागतो. मागे येऊन त्या शिखरावर सोडायचं. मग प्रत्येक बँडचे ट्रिमर, म्हणजे जुळवणीचे छोटे कंडेन्सर. एका बँडला हात लावला की शेजारचा थोडा हलतो, म्हणून पुन्हा फेरी. हे करताना मला घाई होत नाही. एकेक पायरी पार पडते तसा सेट बहिरेपणातून बाहेर येत जातो, आणि ते कानाला कळतं.

डायल बरोबर बोलतेय का हे पाहायला हवेतलेच दोन पक्के खुंट आहेत. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे वेळ सांगणारं केंद्र ५ मेगासायकलवर सतत टिकटिकत असतं. आणि कॅनडाचं सीएचयू ३३३० आणि ७८५० किलोसायकलवर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वेळ सांगतं. काटा पाचावर नेला आणि टिकटिक तिथेच ऐकू आली, की ऑसिलेटर जागेवर आहे.

आणि मग प्रश्न येतोच, की ऐकायचं काय? बीबीसीने उत्तर अमेरिकेकडे शॉर्टवेव्ह पाठवणं २००१ च्या जुलैत थांबवलं. २०१२ मध्ये रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल गेले, २०१७ मध्ये रेडिओ ऑस्ट्रेलिया. कारणं मला ठाऊक आहेत. ट्रान्समीटर प्रचंड वीज खातात, श्रोते इंटरनेटवर गेले. तरी मला वाटतं की या सरकारांनी घाई केली. शॉर्टवेव्हला मध्ये कुणाची केबल लागत नाही, कुणाचा मनोरा लागत नाही, ऐकणाऱ्याची कुठे नोंद होत नाही. ज्या दिवशी एखाद्या देशात इंटरनेट बंद केलं जातं त्या दिवशी हे फार मोलाचं ठरतं. ४२.३४ मीटरवर ऐकणाऱ्या मुंबईकरांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

घरात मात्र खरखर आहे. एलईडी दिवे, चार्जर, राउटर, शेजाऱ्यांचे सोलर पॅनेल, सगळ्यांचे स्विचिंग सप्लाय शॉर्टवेव्हवर चिखल करतात. १९५१ च्या कुठल्याही घरात एवढा गोंगाट नव्हता. म्हणून बॅटरी पॅक बनवला. जुनी नव्वद-नऊची एकत्र बॅटरी आता मिळत नाही, पण छोट्या नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की नव्वद होतात, आणि मोठे सहा सेल लावले की नऊ. बाबांनी कॅमेऱ्यातून प्रत्येक जोड तपासायला लावला, आणि नव्वद व्होल्टच्या तारेला वेगळ्या आकाराचा प्लग लावायला लावला. ती नऊ व्होल्टच्या जागी गेली तर पाचही व्हॉल्व एकदम जातील.

तो पॅक घालून सेट उत्तरेला इलिनॉय बीच स्टेट पार्कमध्ये नेला, लेक मिशिगनच्या काठाला. वाळूवर ठेवला, अँटेनाचा दांडा पूर्ण वर ओढला. तिथे आवाज स्वच्छ. सूर्य मावळल्यावर ४ ते ८ च्या बँडवर हवाना लागलं, ६००० किलोसायकलच्या जागी, स्पॅनिशमध्ये, आवाजाची लाट वरखाली होत. ३१ मीटरवर फ्लोरिडाहून आणि टेनेसीहून प्रवचनं. एक चिनी केंद्र, एक अरबी, आणि दोन अशी की भाषा ओळखता आली नाही, पण ती अख्ख्या डायलवर ऐसपैस पसरलेली होती, एकमेकांत न मिसळता. तेच तर ती चार बटणं करतात. १६ मीटरवर सामसूम होती.

बाबांना फोन केला. कराडला पहाट झाली होती, ते उठून चहा करत होते. मी फोन स्पीकरजवळ धरला. त्यांनी हवाना थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "१६ मीटर?"

"काहीच नाही. ऑसिलेटर बसतोय की काय अशी शंका आहे. १एल६ पुन्हा तपासू का?"

"अरे, संध्याकाळी १६ मीटरवर काय मिळणार? तो दिवसाचा बँड. सूर्य डोक्यावर हवा. व्हॉल्वला हात लावू नकोस. उद्या सकाळी तिथेच ये, अकराला, आणि मला फोन लाव."

सकाळी अकरा म्हणजे कराडला रात्रीचे साडेनऊ. त्यांची झोपायची वेळ नऊची आहे. मी ते म्हणालो, तर म्हणाले, "जागा राहीन. फिलामेंटचं व्होल्टेज मात्र आधी मोजून ठेव, लोडवर."